थर्मासमधला बर्फ आणि बनुबाईचा दोरा

बनुबाई दहिफळेच्या कमरेला एक दोरा खोवलेला असे. सुताचा, हातभर लांब, आणि त्यावर गाठीच गाठी. पाथर्डीच्या दवाखान्यात नवीन आलेलं माणूस हटकून विचारी, "मावशी, नवसाचा हाय का ह्यो?" बनुबाई म्हणे, "नवसाचा न्हाई बाबा. ही माजी वही हाय."

तिला अक्षर-ओळख नव्हती. दोऱ्याची विद्या ती उसाच्या फडात शिकली होती. आठव्या-नवव्या वर्षापासून ती आईबापांबरोबर बैलगाडीने बेलापूरकडे ऊसतोडीला जायची. बापाने ऊस तोडायचा, आईने मोळी बांधायची आणि पोरीने मोळ्या मोजायच्या, अशी वाटणी होती. दर मोळीला एक गाठ, वीस झाल्या की एक जाड गाठ. मुकादमाच्या आणि पोरीच्या मोजणीत फरक पडला की बाप दोरा पुढे करी. मुकादम कुरकुरत पुन्हा मोजी, आणि दर वेळी दोराच खरा निघे.

लग्न झालं तेही ऊसतोडीच्याच घरात. ती तीस वर्षांची असताना तिचा नवरा भरलेल्या उसाच्या गाडीखाली सापडला. गाडी उलटली आणि दोन्ही मांड्या मोळ्यांखाली दोन-अडीच तास दबून राहिल्या. माणसं जमली, ऊस उपसला, त्याला बाहेर काढलं. हाड मोडलेलं नव्हतं. तो शुद्धीत होता, बैलांची चौकशी करत होता. बनुबाईने त्याला पाणी पाजलं. पुढे तासाभरात बोलता बोलता त्याची मान कलली. सासरच्यांनी एकच धरून ठेवलं, "दबल्या अंगाला हिनं पानी पाजलं, म्हनून गेला." बनुबाईने ते बारा वर्षं ऐकलं. उलटून बोलली नाही, कारण मनातून तिलाही तसंच वाटत होतं.

नंतर ती पाथर्डीला डॉक्टर आबासाहेब कराळे यांच्या दवाखान्यात आया म्हणून लागली. डॉक्टर पुण्याला शिकून आलेले, आणि अंदाजाने औषध देण्याचा त्यांना मनापासून तिटकारा. रक्त तपासल्याशिवाय चैन पडायचं नाही. पण रक्ताची तपासणी नगरला, एस.टी.ने दोन तासांवर. मग बाटल्या घेऊन जाणार कोण? बनुबाई. आठवड्यातून दोन खेपा तिच्याकडे आल्या.

नगरच्या प्रयोगशाळेत मच्छिंद्र नावाचा तरुण तंत्रज्ञ होता. बहात्तर साली तिथे एक नवीन यंत्र आलं. रक्तातून वेगळं काढलेलं पाणी त्यात फवारून ज्योतीत जाळायचं, आणि ज्योतीच्या रंगावरून सोडियम किती, पोटॅशियम किती ते काट्यावर वाचायचं. बनुबाई स्टुलावर बसून ते तासन्‌तास बघायची.

"ह्ये पोटॅशम म्हंजी काय रं मच्छिंद्रा? उसाला घालत्यात त्येच का?"

"तेच मावशी. उसाला पोत्याने लागतं, माणसाला चिमूटभर. साडेतीन ते पाच असलं की ठीक. सातच्या वर गेलं की काळीज बंद पडतं."

"अन् वाढतं कशानं?"

"ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. मी नुसता जाळणारा."

तिने त्याच संध्याकाळी डॉक्टरांना विचारलं. आयाने विचारलं म्हणून डॉक्टरांनी थोडक्यात उडवलं नाही. तो त्यांचा स्वभावच नव्हता. म्हणाले, "मूत्रपिंड थकलं की ते बाहेर पडत नाही, साचतं. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असते, ती सुकली तरी साचतं. काही औषधांनी वाढतं. साखरेचा आजार हाताबाहेर गेला की वाढतं. आणि अंग भाजलं किंवा फार वेळ चेंगरलं, तर मांसातलं पोटॅशियम सुटून रक्तात उतरतं. दबलेला माणूस बाहेर काढला की बरा वाटतो, बोलतो, आणि मग एकाएकी..."

डॉक्टर थांबले. बनुबाई हातातली चिमट्यांची ताटली तशीच धरून उभी होती.

"पानी पाजल्यानं न्हाई?" तिने विचारलं.

"पाण्याने? नाही. पाणी पाजलं ते बरंच केलं."

बनुबाई मागच्या पडवीत गेली आणि बराच वेळ आली नाही. आली तेव्हा डोळे पुसलेले होते. त्या दिवसापासून 'पोटॅशम' हा शब्द तिला घरातल्या माणसासारखा झाला. ज्या बाटलीवर डॉक्टर पोटॅशियमसाठी लाल खूण करत, तिची गाठ ती दोऱ्यावर मारायची. निकाल वाढलेला आला तर जाड गाठ, नाही तर बारीक.

बाटल्या नेण्याची रीत डॉक्टरांनीच घालून दिली होती. दवाखान्यात गर्दी संध्याकाळी व्हायची, त्यामुळे रक्त संध्याकाळी काढायचं, रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये बर्फात रात्रभर ठेवायचं आणि सकाळच्या गाडीने न्यायचं. श्रीरामपूरकडचं दूध बर्फात घातलं तर मुंबईपर्यंत टिकतं, मग रक्त का टिकू नये, असा साधा हिशेब. तो कुणालाही पटला असता. मच्छिंद्रालाही पटला. कारभारी सोडावाला नगरहून भुशात गुंडाळून बर्फाची लादी आणायचा, त्यातला तुकडा दवाखान्याला मिळायचा.

त्र्याहत्तरचा उन्हाळा आला. दुष्काळ दुसऱ्या वर्षात शिरला होता. एप्रिलात पाण्यावाचून बर्फाचा कारखाना काही दिवस बंद पडला आणि कारभारीने हात वर केले. त्या तीन खेपांना डॉक्टरांनी नाइलाजाने पहाटे रक्त काढलं आणि बनुबाईने बाटल्या चोळीच्या चिंधीत गुंडाळून नेल्या. आपल्या हातून रक्त नासणार, निकाल वाईट येणार, अशी तिला धास्ती होती. म्हणून त्या तीन गाठींत तिने चिंधीचा एकेक धागा अडकवला. पुढेमागे कुणी विचारलंच, तर दोष आपला म्हणून सांगता यावं.

मे महिन्यात रतनबाई आली. सहादेव बडे आणि त्याची बायको रतनबाई पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर होते. कामावर हगवणीची साथ होती. रतनबाईला दहा दिवस हगवण लागली, मग थांबली, आणि थांबल्यावर तिचे पाय लुळे पडले. नंतर हात. सहादेवने तिला पाठीवर घेऊनच दवाखान्यात आणलं. पंचविशीची बाई, कोयत्याने घट्टे पडलेले तळवे, आणि अंगावरची माशी हाकलता येईना.

बर्फ पुन्हा मिळू लागला होता. सोमवारी संध्याकाळी रक्त काढून थर्मासमध्ये बर्फात ठेवलं. मंगळवारी बनुबाई निकाल घेऊन परत आली तेव्हा पाच वाजले होते. पोटॅशियम सहा पॉइंट दोन.

डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. "मूत्रपिंडं गेली. हगवणीने अंगातलं पाणी संपलं आणि मूत्रपिंडं सुकली. हा लुळेपणा त्याचाच." ते कंपाउंडर भिमाजीकडे वळले. "ग्लुकोज लावायची तयारी करा. इन्सुलिन काढा. पोटॅशियम आत्ताच्या आत्ता दाबून खाली आणायला हवं."

भिमाजी कपाटाकडे वळलाही. बनुबाई मात्र खाटेजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "सायेब, एक बोलू?"

"आता नको मावशी."

"हिनं सकाळधरनं तीन येळा लगवी केलीया. भांडं मीच दिलंय. मूतपिंड गेलं आसतं तर ती आली कुठनं?"

डॉक्टर थबकले. बनुबाईने कमरेचा दोरा काढला आणि टेबलावर कागदाशेजारी ठेवला. "ह्ये बघा. ह्या हिच्या आदीच्या अकरा गाठी, लाल खुणांच्या. आठ बर्फातल्या. त्यातल्या सात जाड. सातातली दोन मानसं गेली, ती सुजूनच आल्ती, लगवी बंद हुती. राहिलेली पाच मला दर बुधवारी बाजारात दिसत्यात. आक्काबाईला तुमी डाळ, गूळ, बटाटा समदं बंद केलं. ती परवा डोईवर सरपन घिऊन चालली हुती. म्हनली, दाक्तरच्या पथ्यानं बरी झाले. आता सायेब, ती आजारीच हुती का?"

"आणि ह्या चिंध्या?"

"ह्या तीन बिगर-बर्फाच्या. नासलं आसंल म्हनून मी धागा घातला. तिन्ही बारीक निगाल्या."

भिमाजी हातात इन्सुलिनची कुपी घेऊन उभा होता. तोच म्हणाला, "बनाक्का, आता गाठी मोजून औषध द्यायचं का? मग पुण्याला कशाला जावं लागतं शिकायला?"

"तू गप रं. तुला सोळा गोळ्या मोजायला सांगितल्या तर पंधरा घालतोस."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कपाटातलं जाड पुस्तक काढलं. पोटॅशियम वाढण्याची कारणं त्यात पानभर होती. ती त्यांना पाठ होती. पण पानाच्या तळाशी बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती, जी शिकताना ते कधीतरी ओलांडून पुढे गेले होते: नमुना नीट हाताळला नाही, तर रक्तपेशींतलं पोटॅशियम बाटलीतच बाहेर झिरपतं, आणि माणसात न वाढलेलं ते कागदावर वाढलेलं दिसतं.

"पण पेशी फुटल्या असत्या तर वरचं पाणी लाल झालं असतं," ते स्वतःशीच म्हणाले. "मच्छिंद्रच्या लक्षात आलं असतं."

"फुटल्याच न्हाईत आसं धरा," बनुबाई म्हणाली. "फडात पौष म्हयन्याच्या पहाटं हात आसं आखडत्यात, की कोयता मुठीतनं आपसूक गळून पडतो. हात तुटत न्हाई सायेब. पर धरल्यालं सुटतं. रगताचं बी तसंच झालं आसंल."

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. लुळेपणा पोटॅशियम वाढल्याने येतो, तसाच ते फार उतरल्यानेही येतो, हे त्यांना माहीत होतं. आणि हगवणीत ते उतरतं, हेही. कागदावरच्या आकड्याने त्यांना त्या वाटेला जाऊच दिलं नव्हतं.

"अन् वाढलंच नसंल, तरी ती सुई दिली तर?" बनुबाईने विचारलं.

"आहे तेही खाली जाईल. श्वास थांबेल." त्यांनी सहादेवकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून बसला होता. त्याला यातलं काही कळत नव्हतं, पण बायकोविषयी चाललंय एवढं कळत होतं. "आणि खरंच वाढलं असेल आणि सुई नाही दिली, तर काळीज थांबेल. दोन्हीकडे दरी आहे, मावशी."

शेवटी त्यांनी ठरवलं. ग्लुकोज नाही, इन्सुलिन नाही, नुसतं मिठाचं पाणी. पहाटे ताजं रक्त काढायचं, बर्फाविना न्यायचं. "उद्या दुपारी बारापर्यंत मी थांबतो. पोस्टातल्या फोनपाशी बसतो. बारापर्यंत खबर आली नाही, तर मला कागदावर विश्वास ठेवावा लागेल."

बुधवारी साडेपाचला रक्त काढलं. रक्त काढताना डॉक्टर एरवी मूठ वळायला लावत. आज रतनबाईला मूठच वळत नव्हती. बनुबाईने बाटली चिंधीत गुंडाळली, चोळीत ठेवली आणि वरून पदर घट्ट आवळला. सहा वाजता गाडी सुटली. तिसगाव गेलं, करंजी गेली, आणि घाटाच्या निम्म्यात गाडीने धूर सोडून अंग टाकलं.

कंडक्टर खाली उतरून म्हणाला, "पाणी संपलं इंजिनातलं. दुसरी गाडी येईस्तोवर बसा सावलीला."

सावली कुठेच नव्हती. बनुबाई रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. पाऊण तासात तीन ट्रक तिला वळसा घालून गेले. चौथा रिकामा पाण्याचा टँकर होता, गावं भागवून नगरला भरायला चाललेला. ती बाजूला होईना, तेव्हा त्याला थांबावंच लागलं. ड्रायव्हर छगन खिडकीतून ओरडला, "ए आत्ते, मरायचं आसंल तर भरल्या टँकरखाली तरी मर! रिकाम्याखाली काय मज्जा?"

"नगरला ने. दवाखान्याचं काम हाय."

ती केबिनमध्ये चढली आणि दोन्ही हात छातीशी धरून बसली. छगनने थोड्या वेळाने तिरक्या नजरेने पाहिलं. "आत्ते, अंडी हायती का पदरात?"

"रगत हाय."

टँकर जरा डगमगला. "कुनाचं?"

"एका लेकुरवाळीचं. हळू चालव. हिंदकळाय नगं."

"रिकामा टँकर उडनारच की आत्ते. भरला म्हंजी नवरीवानी चालतो."

"मग आज रिकामा नवरीवानी चालव. अन् बाराच्या आत पोचव."

"हळू बी, अन् लवकर बी?"

"व्हय."

छगनने कपाळाला हात लावला. पण त्या दिवशी त्याने खड्डा न् खड्डा चुकवला, आणि टँकर भरण्याआधी तिला प्रयोगशाळेच्या दारात सोडलं. दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

मच्छिंद्रने चिंधी सोडली आणि तोंड वाकडं केलं. "बर्फ कुठाय? मावशी, उन्हातून आणलंत? नासवलंत सगळं."

"नासलं तर नासलं. तू पयलं जाळ."

"रांगेत सात नमुने आहेत..."

"ती सात बी मानसंच हायती, मला कळतंय. पर ह्या बाईला बारा वाजता सुई टोचनार हायती, अन् ती सुई बरोबर हाय का न्हाई ते तुज्या ज्योतीला ठावं. जाळ बाबा."

मच्छिंद्रने रक्त यंत्रात गरगर फिरवून वरचं पिवळं पाणी काढलं, ज्योतीत सोडलं. काटा बघितला. यंत्र पुसलं, पुन्हा सोडलं. तिसऱ्यांदा सोडलं. मग काल तपासलेली बाटली काढून दोन्हींतलं पाणी उजेडात शेजारी शेजारी धरलं. दोन्ही सारखंच पिवळं, स्वच्छ.

"दोन पॉइंट तीन," तो हळूच म्हणाला. "काल सहा पॉइंट दोन. मावशी, माणूस एका रात्रीत एवढा उतरत नाही."

"मानूस न्हाई उतरत. बर्फ उतरला," बनुबाई म्हणाली. "फोन कुठनं करायचा ते दाव."

ट्रंक कॉल लागायला पंचवीस मिनिटं गेली. बनुबाईने जन्मात फोन धरला नव्हता. तिने तो उलटा धरला, मच्छिंद्रने सुलटा केला. पलीकडून डॉक्टरांचा आवाज आला तेव्हा बारा वाजायला दहा मिनिटं होती.

"सायेब, मी बनी. दोन अन् वर तीन. तीनदा जाळलं. सुई देऊ नगा! ऐकू येतंय का? सुई देऊ नगा!"

डॉक्टर म्हणाले, "ऐकलं, मावशी. मच्छिंद्रला फोन द्या. येताना पोटॅशियमच्या बाटल्या आणायच्या आहेत, तो चिठ्ठी लिहून देईल."

जे दाबून कमी करायला निघाले होते, तेच आता भरून काढायचं होतं. बाटल्या येईपर्यंत डॉक्टरांनी स्वतः चमच्याचमच्याने तिला तुरीच्या डाळीचं पाणी पाजलं. संध्याकाळपासून औषध सुरू झालं, जपून, थेंब मोजून. घाईने दिलं तर तेही घातक. शुक्रवारी सकाळी बनुबाई केर काढत होती. रतनबाईच्या डोक्यावरचा पदर सरकला होता आणि सहादेव समोर बसला होता. रतनबाईचा हात उचलला, थरथरत वर गेला आणि तिने पदर नीट केला. सहादेव लहान मुलासारखा रडला. बनुबाईने केरसुणी टाकली नाही. फक्त तेवढीच जागा तिने तीनदा झाडली.

डॉक्टर कराळे किती मोठ्या मनाचे, ते त्या आठवड्यात आणखी दिसलं. ते सायकलवर आक्काबाईच्या वस्तीवर गेले आणि म्हणाले, "बाई, चूक माझी होती. डाळ खा, गूळ खा." बाकीच्या चौघांकडेही गेले. आक्काबाईने त्यांना ऐकवलंच, "म्हयनाभर नुसती भाकर-मिरची खाल्ली दाक्तर, आता बरी हुते तर आजारी का पाडलंत?" डॉक्टरांनी मान खाली घालून ते ऐकून घेतलं.

दवाखान्यात लघवी तपासायचं हाताने फिरवायचं एक यंत्र होतं. त्यानंतर प्रत्येक लाल खुणेचं रक्त त्याच्यात फिरवून, वरचं पाणी वेगळं काढूनच नगरला जाऊ लागलं. पेशीच नाहीत म्हटल्यावर त्यांच्या मुठीतून सुटणार काय? यंत्राचा दांडा फिरवायचं काम बनुबाईने स्वतःकडे घेतलं. मनात मोजत एका लयीत फिरवायची. भिमाजी म्हणे, "बनाक्का, दळन पडतंय का खाली?" ती म्हणे, "पडंल, तुज्या अकलंचं. थांब जरा." मच्छिंद्रने इतर गावच्या दवाखान्यांना पत्रं धाडली की रक्त बर्फात पाठवू नका. पत्रात कारण लिहिलं होतं; कुणी शोधलं ते लिहायचं राहून गेलं. बनुबाईला ते कळलंही नाही, आणि कळतं तर चाललंही असतं.

त्या वर्षी पाऊस बरा झाला. दिवाळीनंतर बैलगाड्या पुन्हा उसाकडे निघाल्या. एका सकाळी एक गाडी दवाखान्यासमोर थांबली. रतनबाई खाली उडी मारून उतरली, कोयता गाडीतच ठेवून आत आली. बनुबाई यंत्राचा दांडा फिरवत होती.

"आक्का, मूठ बघ माजी," म्हणून रतनबाईने तिचं मनगट धरलं आणि आवळलं.

बनुबाईचा दांडा थांबला. तिने आकडा विसरू नये म्हणून ओठ मिटून घेतले होते, तरी तिला हसू फुटलं.

"लई दाबू नगं गं," ती म्हणाली. "त्याच हातानं मला गाठी मारायच्या हायती."